विलासरावांची सोन्याची पायरी

आमच्या धंद्यात गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे नंतर बघायचं, आधी गुडघ्याकडे. माणूस दुकानाच्या पायऱ्या कसा चढतो, चढताना कशाला धरतो, वर आल्यावर कण्हतो की शीळ घालतो, एवढं बघितलं की त्याच्या गाडीला कसली पायरी बसवावी लागणार ते मला निम्मं कळतं. उरलेलं निम्मं गाडीखाली आडवं झाल्यावर कळतं.

विट्यात कराड रस्त्याला माझं दुकान आहे. गाडी कंपनीतून जशी येते तशी कुणालाच आवडत नाही, या एका सत्यावर आमचं घर चाललंय. कुणाला सीटला वेलबुट्टीचं कव्हर पाहिजे, कुणाला हॉर्न असा पाहिजे की पुढचा माणूस सायकलसकट उसात गेला पाहिजे. कव्हरं माझी बायको सुमन शिवते. दुकानाच्या मागच्या खोलीत तिचं मशीन आहे. हॉर्न, दिवे, कॅरिअर मी बघतो. पण मनापासून विचाराल तर माझ्या आवडीचं काम एकच, पिकअपला पायरी बसवणं.

ज्यांनी पिकअप फक्त टोमॅटो घेऊन जाताना बघितलाय त्यांच्यासाठी सांगतो. हल्ली पिकअप दोन जातींचे असतात. एक मालाचा, तो बिचारा कष्ट करतो. दुसरा हौसेचा. पुढे चार दारांची केबिन, आत गारवा, गाणी, मऊ गाद्या, आणि मागे उघडा हौदा, ज्यात मालक सहसा काहीच ठेवत नाही. हा दुसरा पिकअप जमिनीपासून इतका उंच असतो की आत शिरायला पाय पार मांडीएवढा उचलावा लागतो. तरणी पोरं टुणकन उडी मारतात. बाकीच्यांची फजिती होते. म्हणून दाराखाली, गाडीच्या लांबीला धरून, एक पट्टी बसवतात. कंपनीवाले तिला साइड स्टेप म्हणतात, ट्रकवाले फुटबोर्ड म्हणतात, आमची शेतकरी माणसं सरळ पायरी म्हणतात. मलाही पायरी हाच शब्द बरा वाटतो.

पायरीचे प्रकार तीन. गोल पाइपाची दिसायला रुबाबदार, पण ओल्या चपलेनं पाय दिला की माणूस दंडवत घालतो. सपाट पट्टीची, वर रबराच्या रेघा असलेली, तिच्यावर पाय अख्खा बसतो. चिखलही अख्खा बसतो. तिसरी विजेवरची. दार उघडलं की आपोआप बाहेर येते आणि लावलं की आत जाते. मुंबई-पुण्यात ठीक आहे. आमच्याकडे उसाच्या फडातला चिखल एकदा तिच्या सांध्यात गेला की ती रुसलेल्या जावयासारखी, कितीही विनवा, बाहेर येत नाही.

बसवायचं तंत्र अवघड नाही, पण घाई चालत नाही. गाडीचा सांगाडा, म्हणजे चेसी, तिला बहुतेक ठिकाणी कंपनीनं भोकं ठेवलेली असतात. तिथंच ब्रॅकेट धरायचे. नवीन भोक पाडायचं नाही आणि चेसीला वेल्डिंग तर बापजन्मात करायचं नाही. सगळे बोल्ट आधी नुसते हातानं फिरवून अडकवायचे, मग पट्टी पुढे-मागे सरकवून सरळ करायची, आणि शेवटी पाना लावायचा. पहिलाच बोल्ट ज्यानं करकचून आवळला त्याचा शेवटचा बोल्ट भोकात जात नाही. लग्नाच्या बोलणीतही हाच नियम आहे असं सुमन म्हणते.

गिऱ्हाइकं मात्र एकाहून एक. तासगावकडचे एक द्राक्षबागायतदार आले. मी तिन्ही प्रकार दाखवले, त्यांनी एकाही पायरीवर पाय ठेवला नाही. पिशवीतून फडकं काढलं, फडक्यातून भाकरी काढली आणि प्रत्येक पट्टीवर ठेवून बघायला लागले.

"मामा, काय चाललंय हे?"

"माप घेतोय. बागंत गडी-मान्सं जेवायला कुटं बसत्यात? ह्येच्यावरच की. मान्सू बसून शेजारी भाकरी ऱ्हायली पायजे. ही तुमची पाइपवाली काय कामाची न्हाई, भाकरी घरंगळती."

त्यांना रुंद पट्टीची बसवली. तेव्हापासून पायरीच्या रुंदीला आमच्या दुकानात 'एक भाकरी', 'सव्वा भाकरी' असंच म्हणतात आणि बाहेरच्या गिऱ्हाइकाला वाटतं इथं जेवण मिळतं.

दुसरे एक साताऱ्याकडचे निवृत्त सुभेदार. पायरी बसवून झाल्यावर त्यांनी सगळ्या कुटुंबाला गाडीशेजारी रांगेत उभं केलं आणि चढायची कवायत सुरू केली. "एक म्हटलं की पाय वर, दो म्हटलं की आत!" मुलगा चढला, सून चढली, नातवंडं चढली. सुभेदारीणबाई मात्र जागच्या हलल्या नाहीत. म्हणाल्या, "आवं, हितं भरती न्हाई चाललेली. मी माज्या येळंनं चडंन." सुभेदारांनी आयुष्यात पहिल्यांदाच हुकूम मागे घेतला असावा, कारण घरादारानं टाळ्या वाजवल्या.

असं सगळं असलं तरी पायरीच्या कामातली खरी मजा आणि खरी काळजी मला शिकवली ती विलासरावांच्या आईनं, गेल्या दिवाळीत.

विलासराव गलाईवाले. आमच्या भागातल्या माणसाला हे सांगायला लागत नाही, पण बाहेरच्यांसाठी सांगतो. जुने दागिने वितळवून, त्यातली भेसळ जाळून, शुद्ध सोनं वेगळं काढायचं, याला गलाई म्हणतात. विट्याच्या आसपासच्या गावांतली कितीतरी माणसं हे काम करायला देशभर पांगलीत. विलासरावांचे वडील ऐन तारुण्यात कोइमतूरला गेले आणि भट्टीपुढे बसले. आता विलासराव बसतात. दिवाळीला गावी येतात. त्या वर्षी ते नवाकोरा, पांढराशुभ्र, हौसेचा पिकअप घेऊन आले. गल्लीत पहिली प्रतिक्रिया आली ती अशी, "येवडं सोनं गाळलं आन शेवटी टेंपूच घेतला व्हय रं?"

ते बोलणं विलासरावांनी हसण्यावारी नेलं. पण पुढचं त्यांना जड गेलं. गाडी घेण्यामागे त्यांचा एकच हेतू होता. आई, हौसाक्का, गावी एकटी राहायची. वय झालेलं, गुडघे कुरकुरणारे. तिला एकदा तरी कोइमतूरला न्यायचं, दुकान दाखवायचं, चार महिने जवळ ठेवून घ्यायचं. रेल्वे तिला नको, बसमध्ये मळमळतं. म्हणून ही मोठी, न हादरणारी गाडी. आणि आल्या आल्या काय केलं, तर विलासराव आणि त्यांचा चुलतभाऊ, दोघांनी मिळून म्हातारीला उचललं आणि सीटवर ठेवलं. एकानं बगलेत धरलं, एकानं पायाला.

हौसाक्कानं तिथल्या तिथं उतरवायला लावलं आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं सांगितलं, "पोत्यागत उचलता मला? मला उचलायची येकच येळ हाय, तवा चौगं लागत्याल. तवर ह्या गाडीत माज्या पायानं चडीन, न्हाईतर कोइमतूर तितं आन मी हितं!"

कुणीतरी स्टूल आणलं. तर म्हणाली, "स्टुलावर चडून मान्सू माळ्यावरली बरणी काडतंय, गावाला जात न्हाई."

तेव्हा विलासराव माझ्याकडे आले. भाऊबीज झाली की त्यांना निघायचं होतं. तोंड उतरलेलं, पण डोक्यात एक कल्पना चमचमत होती.

"मेस्त्री, पायरी बसवायची. पर अशी का आई बगून खूश झाली पायजे. सोन्याची."

"सोनेरी रंगाची म्हणताय?"

"रंग न्हवं. सोनं. पट्टी तुमी द्या, मुलामा मी दिऊन आणतो. आमच्या लाइनीत मान्सं हायती."

मी त्यांना समजावलं की मुलामा कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ बसणार, चपलेखाली टिकणार नाही. म्हणाले, टिकू दे की नको, पहिला पाय आईचा पडला म्हणजे फिटलं. आता खरं सांगतो, मलाही मोह झाला. आयुष्यभर काळ्या पट्ट्या बसवल्या, एकदा सोन्याची बसवायला मिळाली तर कुणाला नको आहे? मी लगेच दोन्ही बाजूंच्या पट्ट्या काढून दिल्या. एवढंच म्हणालो की आधी आक्कांचं माप घेऊया, त्यांना किती उंच पाय टाकता येतो ते बघूया. विलासराव म्हणाले, "गाडीचं माप घ्या मेस्त्री, आईचं काय घेताय?" आणि उडाले.

पट्ट्या आल्या त्या बघून मी खाली बसलो. अशी झळाळी की माझं तोंड त्यात देखणं दिसत होतं. मी हात धुऊन, पुसून, मऊ फडकी गुंडाळून त्या बसवल्या. नट आवळताना पाना निसटू नये म्हणून श्वास रोखून धरत होतो. सुमन दोनदा बाहेर येऊन बघून गेली आणि काहीच बोलली नाही. तिचं गप्प बसणं मला तेव्हाच खटकायला पाहिजे होतं.

मुहूर्त विलासरावांनी काढला लक्ष्मीपूजनाच्या सकाळचा. आक्काला रिक्षातून दुकानात आणलं. विलासरावांच्या बायकोनं पैठणी नेसली होती. शेजारचा पंक्चरवाला, समोरचा चहावाला, रस्त्यानं जाणारी-येणारी माणसं, सगळी गोळा झाली. पट्टीवर सुमनची जुनी चादर टाकली होती. विलासरावांनी ती एका झटक्यात ओढली. सकाळचं ऊन नेमकं त्या पट्टीवर पडलं आणि सगळ्यांच्या तोंडून एकदमच "आ" निघाला.

हौसाक्का पुढे आली. लहानशी, वाळलेली, हिरव्या नऊवारीतली बाई. ती वाकली, पट्टीला दोन्ही हात लावले, हात डोळ्यांना लावले. सुमनकडून हळद-कुंकू मागून घेतलं. पट्टीला पाच बोटं हळद, पाच बोटं कुंकू लावलं, वेणीतलं झेंडूचं फूल काढून वर ठेवलं. विलासरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं. मग आक्का मागे सरकली, पदर सारखा केला आणि म्हणाली, "झालं. चला आता घरी."

"घरी काय आई? पाय ठेव की. चड."

"कुटं पाय ठिवू?"

"ह्येच्यावर."

आक्कानं लेकाकडे असं बघितलं की चहावाला दोन पावलं मागे गेला. "सोन्यावर? आन आज, लक्षुमीच्या दिवशी? आरं, पायात सोनं घालत न्हाईत आपण, पैंजण सुदीक चांदीचं असत्यात. तुजा बा भट्टीफुडं बसायचा. सोन्याचा कण खाली पडला तर बोटानं टिपून आदी कपाळाला लावायचा. जिमीन झाडली तर ती धूळ सुदीक टाकत नव्हता. त्या सोन्यानं तुला शिकीवलं, हे घर उबं केलं. आन त्येच्यावर मी पाय दिऊ? वाण्याला इच्चार, बामणाला इच्चार, कुणीबी सांगल."

कुणालाही विचारायची गरज नव्हती. आम्हा सगळ्यांना हे ठाऊकच होतं. कमरेखाली सोनं घालत नाहीत, हे आमच्याकडे शाळेत जायच्या आधी कळतं. आणि एक जन्मभर सोनं गाळणारा गलाईवाला, एक जन्मभर पायऱ्या बसवणारा मेस्त्री, दोघांना मिळून ते आठवलं नाही. मी सुमनकडे बघितलं. ती म्हणाली, "मला वाटलं तुमी दोगांनी इच्चार केला आसंल."

त्यापुढची गंमत म्हणजे आता त्या गाडीत कुणालाच चढता येईना. आईसमोर सोन्यावर पाय द्यायचा कसा? विलासरावांना गाडी तर घरी न्यायची होती. ते ड्रायव्हरच्या बाजूला गेले, पट्टीवरून उडी मारून आत शिरायचा प्रयत्न केला, आणि पन्नाशीचं ते अंग अर्ध्यात लटकलं. पाय हवेत, डोकं शेजारच्या सीटवर, आणि पोटाखाली हॉर्न. हॉर्न जो वाजायला लागला तो थांबेना. पंक्चरवाल्यानं मागून ढकललं. पाठोपाठ विलासरावांच्या बायकोनं पैठणी खोचून मागच्या टायरवर पाय दिला आणि उघड्या हौद्यात उतरून ऐटीत बसली. हौद्यात पैठणी, पुढे लटकलेला नवरा, आणि खाली हळद-कुंकू लावलेली सोन्याची पायरी. लोक पोट धरून हसत होते. शेवटी हौसाक्कालाही हसू फुटलं. पदर तोंडाला लावून ती इतकी हसली की खुर्ची द्यावी लागली.

पण हसून झाल्यावर रिक्षात बसताना ती विलासरावांना म्हणाली, "जा बाबा तू सुकरूप. मी हाय हितं." आणि विलासरावांचं तोंड पुन्हा उतरलं.

मी त्यांना म्हणालो, "भाऊबीज हुईस्तोवर येळ हाय. आता तरी मला आईचं माप घिऊ द्या."

पाडव्याच्या सकाळी मी त्यांच्या गावी गेलो. विट्याहून कडेगावला जाताना रस्त्यालाच गाव आहे. विलासरावांनी बांधलेला बंगला मोठा, पुढे गुळगुळीत ग्रॅनाइटच्या पायऱ्या. आक्का त्या पायऱ्यांवर कधी जात नाही. ती परसातल्या दारानं ये-जा करते, कारण तिची म्हैस मागे आहे. मी मागे जाऊन बसलो आणि नुसता बघत राहिलो. दाराला दगडाची एक जुनी पायरी होती. आक्का हातात वैरण, मग शेणाची पाटी, मग दुधाची चरवी घेऊन त्या पायरीवरून वर-खाली करत होती. गुडघे कुरकुरत असतील, पण तिथं ती थांबत नव्हती. दरवेळी डाव्या हातानं चौकट धरायची आणि वर यायची. मी वितीनं पायरीची उंची घेतली, चौकट कुठं धरते ते बघितलं. मला पाहिजे ते माप मिळालं.

"चा घ्या," आक्का म्हणाली, आणि शेजारी बसली. "मेस्त्री, उगा कशाला राबताय? न्हाई गेली मी तर काय हुतंय?"

"आक्का, खरं सांगा. गाडीतनं जायचं भ्या वाटतंय का?"

तिनं हातातल्या कपानं परसापलीकडे दाखवलं. म्हणाली, "पलीकडचं कुलूप बगितलं का? कोंडाबाईचं घर. आमी दोगी येकाच साली नांदायला आलो. ती लेकाकडं गेली पुण्याला, चार दिस म्हणून. लेक चांगला हाय, सून चांगली हाय. चांगली हाईत म्हणूनच यिऊ देत न्हाईत. आता तिला जिना उतरवत न्हाई म्हणं, उचलून खाली आणत्यात. मला उचलून नेलं तर उचलूनच आणत्याल. माज्या पायानं चडली, तर माज्या पायानं उतरीन."

इतकी वर्षं मी समजत होतो, पायरी म्हणजे चढायची सोय. उतरायचीही तीच असते, हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. चहा पिऊन निघालो तेव्हा हात शिवशिवत होते.

अडचण अशी होती की परसातल्या पायरीएवढ्या उंचीवर पट्टी बसवायची म्हणजे ती जमिनीच्या फार जवळ येणार. पहिल्याच खडबडीत वाटेला दगडावर आपटून वाकणार. तोड सुचली ती ऊसतोडणीच्या मशीनवरून. त्या मशीनच्या शिडीची सगळ्यात खालची पायरी लोखंडानं घट्ट धरलेली नसते, रबरी पट्ट्यांना लोंबत असते. ढेकळाला लागली तर मागे झुलते आणि परत जागेवर येते. मी तेच केलं. सोन्याच्या पट्ट्या उतरवून फडक्यात गुंडाळल्या. विलासराव म्हणाले, कोइमतूरला नेऊन सोनं परत काढतो, तेच तर माझं काम. त्यांच्या जागी काळी, रबराच्या रेघांची रुंद पट्टी आली, सव्वा भाकरीची. पुढच्या डाव्या दाराखाली तिला जाड रबरी पट्ट्याच्या तुकड्यांनी एक खालची पायरी लोंबती जोडली, परसातल्या दगडाच्या मापाची. आणि दाराच्या पुढच्या खांबाला, आक्का चौकट धरते त्या उंचीवर, एक मूठ बसवली.

चाचणी सुमननं केली. नऊवारी नेसून, हातात दुधाची किटली घेऊन. "आक्काच्या हातात काय तरी असतंयच," असं तिचं म्हणणं. ती चढली, उतरली, परत चढली, दूध सांडलं नाही. मग म्हणाली, "मला न्या की येकदा कुटंतरी." मी कामात आहे असं दाखवलं.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानासमोर परत सगळे जमले, विलासरावांची बायको तेवढी घरी होती. ठरलं होतं ते असं: आक्कानं चढून बघायचं, जमलं तर घरी जाऊन बांधाबांध करायची आणि निघायचं. या वेळी चादर नाही, काही नाही. आक्कानं पट्टीकडे बघितलं, बोटानं खरवडून बघितलं. "काळंच हाय न्हवं?"

"काळंच हाय आक्का. लोखंड आन रबर."

मग दुसरा पेच आला. शुभ कामात उजवा पाय आधी. पण डावीकडच्या दारानं गाडीत शिरताना उजवा पाय पायरीवर ठेवला की डावा आत जातो आणि माणसाची पाठ पुढच्या काचेला लागते. नव्या गाडीच्या पूजेला निम्म्या सासवा अशाच अडकतात. मी आक्काला सांगितलं, "खाली डावा ठिवा, वर बी डावाच येऊ द्या, आन आत उजवा टाका. पायरी काय, अंगणच की. घरात पयला उजवा पडला म्हंजे झालं."

तिनं क्षणभर विचार केला. "व्हय. उंबऱ्याच्या आत उजवा," म्हणाली. पायातल्या चपला काढून गाडीशेजारी नीट जोडीनं ठेवल्या. डाव्या हातानं मूठ धरली. खालची पायरी जराशी झुलली, तेव्हा विलासरावांचे हात आपोआप पुढे आले. सुमननं त्यांचा शर्ट मागून धरला. आक्का वर आली, मग आणखी वर, आणि उजवा पाय आत टाकून सीटवर बसली. तिनं स्वतःच दार ओढून घेतलं, काच खाली करायला लावली आणि वरून आम्हा सगळ्यांकडे बघितलं. तिला आमचा रस्ता पहिल्यांदाच असा वरून दिसत असणार.

लोकांनी टाळ्या वाजवल्या, चहावाल्यानं फुकट चहा जाहीर केला. विलासराव म्हणाले, "चल आता उतर आई, घरी जाऊ, बोचकं बांदू."

"मी उतरत न्हाई. चल."

"कुटं?"

"कुटं म्हंजे? कोइमतूरला! गाव वाटंवरच हाय. सूनबाईला फोन लाव, बोचकं काचंतनं आत दे म्हणावं. आन म्हस शेजारच्या वैनीला सांगितलीया, ती बगंल. आता उतरली तर मन फिरंल माजं. चल लवकर!"

विलासराव मांडीला हात मारत, हसत, रडत, धावत ड्रायव्हरच्या बाजूला गेले आणि गाडी सुटली. आम्ही सगळे रस्त्यावर येऊन हात हलवत होतो, पंक्चरवाल्यानं तर शिट्टी मारली. गाडी वळणावर गेली तेव्हा सुमन किंचाळली, "आवं, चपला!"

आक्काच्या चपला दुकानासमोर तशाच जोडीनं उभ्या होत्या.

मी चपला उचलल्या आणि धावलो. कराड रस्त्यानं, दिवाळीनंतरच्या गर्दीतनं, दोन्ही हातांत दोन चपला नाचवत मी विलासरावांच्या नावानं ओरडत पळत होतो. लोकांना वाटलं मेस्त्री कुणाला तरी हाणायला निघालाय. "काय झालं? कुणी बुडीवलं?" म्हणत दोघं-तिघं माझ्याबरोबर पळायला लागले. एकानं वाटेतलं लाकूडही उचललं. पुढे उसाच्या दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर आडवा लागला होता म्हणून गाडी सापडली. मी दाराशी पोहोचलो तेव्हा माझ्या तोंडातून शब्द फुटत नव्हता. नुसत्या चपला वर धरल्या.

आक्कानं वरून बघितलं. "आगं बाई, चपला व्हय. ठिवा त्या दुकानात."

"आक्का, तितं काय अनवाणी फिरनार?"

"पोरगा सोनं गाळतोय, आईला येक जोड घील की. ह्या हितंच पायजेत." तिनं खिडकीतून हात काढून माझ्या डोक्यावर ठेवला. "परत आल्यावर पायात काय घालू?"

ट्रॅक्टर सरला, गाडी गेली. मला लोकांनी घेरलं आणि लाकूडवाला विचारत होता, कुणाला धरायचंय. मी सांगितलं, कुणालाच नाही, आणि रस्त्याच्या कडेला बसून हसायला लागलो. ते हसू बराच वेळ थांबलं नाही.

त्या चपला सुमननं तिच्या मशीनशेजारी, भिंतीला लावून ठेवल्या. उन्हाळ्याच्या तोंडाशी एक दिवस तो पिकअप दुकानासमोर थांबला, दार उघडलं आणि आक्का एकटी, कुणाचा हात न धरता, खाली आली. चपला पायात सरकवल्या, आम्हाला तिकडच्या केळ्यांच्या वेफर्सची पिशवी दिली आणि म्हशीची चौकशी करत घरी गेली. पावसाळ्यात परत गेली, जाताना चपला ठेवून गेली. आता आमच्याकडे हे ठरूनच गेलंय. लोकांना आक्का कुठं आहे हे विचारायचं असलं की ते दुकानात डोकावून सुमनच्या मशीनशेजारी बघतात. चपला असल्या तर आक्का कोइमतूरला, नसल्या तर गावी.

हे लिहितोय तेव्हा दिवाळी आठ दिवसांवर आलीय आणि भिंतीशेजारची जागा रिकामी आहे.